एकतीस तारीख, तीन वाजता

घटस्फोटात माझ्या वाट्याला बुधवारचा फोन आणि एक सोडून एक रविवार आला. त्यात मी माझा एक नियम घुसडला: माझ्या मुलीने, कादंबरीने, माझ्याशी फक्त मराठीत बोलायचं. तिची आई मीनल इथे सिंगापुरात, नोव्हेनाला डॉक्टर. मायलेकी घरात इंग्रजीच फाडतात, मग पोरीचं मराठी टिकवणार कोण? मीच! सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर भिंतींची तोंडं बघत बसणारा मी. कादंबरीने इंग्रजीत काही सुरू केलं की मी म्हणायचो, "मराठीत." ती थोडा वेळ शब्द शोधायची आणि म्हणायची, "काही नाही."

२००८च्या जुलैत, बारा वर्षांच्या या बाईसाहेब म्हणाल्या, "बाबा, मला इंका पाहिजे." वाण्याकडे हिंग मागावा तसं. शाळेचा प्रोजेक्ट होता. मला कोण आनंद झाला! लायब्ररीतून चार जाडजूड पुस्तकं आणली, कामावरून आल्यावर तीच वाचली. कुणाला तरी माझी गरज होती.

माझ्या पुढच्या रविवारी उबीन बेटावर जाणाऱ्या बोटीत मी सुरू केलं. "दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातले लोक. लिपी नाही, चाकाची गाडी नाही, आणि शंभरेक वर्षांत केवढं राज्य! दहा घरांवर एक मुखिया, शंभर घरांवर त्याच्या वरचा, हजारावर आणखी वरचा. वाटेवर टप्प्याटप्प्याला निरोप घेऊन पळणारे तयार. जिंकलेल्या मुलखातली घरंच्या घरं उचलायची आणि लांब नेऊन वसवायची."

"तुझ्यासारखी," ती म्हणाली. "एम्प्लॉयमेंट पास."

मला हसू आलं; मी इथे आलो तो त्याच परवान्यावर. "आणि हरलेल्या सरदारांची पोरं राजधानीत आणून त्यांना राजाची भाषा शिकवायची, केचुआ. बघ, याला म्हणतात शिस्त!"

"मग हरले कसे?"

"साथ आली, त्यात राजा गेला. दोन भावांत गादीवरून जुंपली. स्पॅनिश आले ते दोनशेसुद्धा नव्हते गं, पण राजाला वैतागलेले लोक त्यांना जाऊन मिळाले."

"का वैतागले?"

"शाळेत ते काही विचारणार नाहीत तुला," मी म्हणालो आणि विषय संपवला.

संध्याकाळी घरी आम्ही किपू केला. किपू म्हणजे इंकांची गाठींची दोरी. खाली एकं, वर दहं, त्याच्या वर शतं. गाठी चाचपून गावात घरं किती, कणसं किती ते सांगायचं. घरात दोरी कुठली? मी माझ्या पायजम्याच्या नाड्या ओढून काढल्या.

"ई, बाबा! सो एम्बॅरसिंग लाह!" वाक्याला इथलं 'लाह'चं शेपूट हवंच.

"मराठीत."

"लाज... येते," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो. मग म्हणाली, "प्रत्येकाने पेरेंट आणायचा आहे. मी दोरी धरणार, तू वाचणार. मला वाचता नाही येत." घटस्फोटानंतरच्या दोन वर्षांत शाळेने मला बोलावलं नव्हतं. खरं सांगतो, मी मोरीत जाऊन डोळे धुऊन आलो.

बुधवारी फोन आला. "बाबा, इट्स ऑन..."

"मराठीत."

"एक... एकतीस तारीख. तीन वाजता."

"शाब्बास!" मी म्हणालो. तिला आकडा मराठीत आला या आनंदात मी वारसुद्धा विचारला नाही. एकतीसची रजा टाकली.

एकोणतीसला, मंगळवारी, मी कामात होतो. सर्व्हरच्या खोलीत फोन न्यायची बंदी. बाहेर येऊन बघतो तर मीनलचे दोन मिस्ड कॉल. मीनल फोन करते ती टोचून बोलायला, अशी माझी समजूत. नाही केला उलटा फोन. बुधवारी कादंबरीचा फोन आला नाही. तयारीत असेल, म्हटलं.

गुरुवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून पावणेतीनला शाळेत हजर. हॉलमध्ये कुणी नव्हतं. तिच्या बाई भेटल्या, भल्या बाई. म्हणाल्या, ते तर मंगळवारी झालं. तुमच्यासाठी तिचा नंबर शेवटी ठेवला होता. तिने दोऱ्या धरल्या, आम्ही विचारलं यात आकडा कुठला, ती म्हणाली, माझ्या बाबांना माहीत आहे.

मला तिथेच मेल्यासारखं झालं.

शाळा सुटल्यावर कादंबरी फाटकात आली. मला बघून थबकली.

"तू एकतीस म्हणालीस, बाळा."

तिने ओठांतल्या ओठांत पुटपुटून बघितलं. "एकोणतीस. एकतीस. सेम साउंड लाह," ती म्हणाली. "इंग्लिश चाललं असतं तर मी ट्वेंटी-नाइन म्हणाले असते."

वीस वर्षं मी लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून पगार घेतोय, आणि ही चूक सरळसरळ माझी होती. "माझं चुकलं गं," एवढंच कसंबसं म्हणालो.

ती बुटाकडे बघत म्हणाली, "फ्रॉम नाउ, इंग्लिश कॅन?"

"कॅन," मी म्हणालो. चालेल.

एमआरटीच्या स्टेशनपर्यंत चालत वीस मिनिटं. ती बोलत सुटली. वर्गातली भांडणं, एका मैत्रिणीने तोडलेलं बोलणं, आईचं रात्रीचं रडणं, घर बदललं तेव्हा तिला वाटलेली भीती. सगळं इंग्रजीत, धबाधबा, श्वाससुद्धा न घेता. यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. दोन वर्षं दर बुधवारी ती हेच सांगायला फोन करत होती.