सहा टक्क्यांचं घर

नीलम्मा वाढली दुकानदाराच्या घरात. टक्का जास्त तेवढं भलं, हे तिला कुणी शिकवायची गरजच नव्हती. म्हणून बँकेकडून घराची किंमत ठरवायला आलेले योगीराज ओसरीवर बसून म्हणाले, "काकू, आठ टक्के धरतो," तशी ती पदर खोचून पुढं सरसावली.

"आठच कावून? आमी काय परके हाव? बारा धरा की!"

योगीराजांनी कपाळाला हात लावला. "बारा धरले तर घर आठ लाखावर येईल, काकू! खर्च जाऊन वर्षाचं भाडं हातात राहतं शहाण्णव हजार. त्याला टक्क्यानं भागायचं. भाड्याचा भरवसा कमी, तर टक्का मोठा अन् किंमत बारकी."

"अन् आठानं?"

"बारा लाख."

नीलम्मानं बोटांवर हिशेब केला. दीर शिवलिंगप्पांना त्यांच्या वाटणीचे आठ लाख दिवाळीपर्यंत द्यायचे, नाहीतर घर विकायचं ठरलेलं. बँक कर्ज देणार किमतीच्या निम्मं. बारा लाखाचं निम्मं सहा. म्हणजे बुडालंच की सगळं! बीडला क्लाससाठी आलेल्या पोरींच्या त्या चार खोल्या, त्यांच्यावरच तर तिचं पोट होतं.

"मधे खोली रिकामी किती राहते?" योगीराजांनी विचारलं.

"रिकामी?" तिला प्रश्नच कळेना. "जाणारी पोरगी आपल्या गावची दुसरी घेऊन येती. तिच्या हातून खोलीत दिवा लावून घेती, अन् मगच एसटीत बसती. अंधारात खोली सोडायची न्हाई, असा आमच्यात रिवाज हाय."

योगीराज उठले, चारही दारं वाजवून आले. उमापूरची स्वप्ना म्हणाली, तिच्या आधी मावसबहीण होती, अन् बहिणीच्या आधी बहिणीची मैत्रीण. जुने करारनामे पाहिले, तर त्यातही तेच.

"भाड्याचा भरवसा पक्का, म्हणून सहा टक्के, काकू. सोळा लाख. निम्मं आठ."

नीलम्मा बघतच राहिली. भिंती त्याच, पत्रे तेच, न्हाणीतली गळकी तोटीसुद्धा तीच. एक वीट हलली नाही, मग हे चार लाख आले कुठून? पोरींच्या त्या दिव्यांतून? अगं बाई गं!

पण दुकानदाराचीच लेक ती. "मग शून्यच धरा की!"

योगीराज हसले. "शून्य म्हणजे कसलीच धास्ती न्हाई. मग किंमत संपायचीच न्हाई, काकू. तेवढा पैसा जगातल्या कुठल्याच बँकेत न्हाई."

नीलम्मानं चारही दारांकडं पाहिलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"सहाच लिव्हा, साहेब," ती म्हणाली. "आमाला दिराचं निम्मंच घर घ्यायचं हाय."