पेट्रोल भरायला गेलेला मुलगा

सुंकोनोला नव्या गाडीची मस्ती आली होती, खोटं कशाला बोला! बेकासी शहरातल्या कारखान्यात तो सुपरवायझर झाला आणि यंदा ईदला पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीतून सालातिगाला, गावाकडे निघाला. बायको एंदाह पुढे, दोन्ही पोरं मधे. बाप सगळ्यात मागे, बिस्किटांचे डबे आणि खोक्यांच्या फटीत. डबे दाबले की चेपतात म्हणून ते नीट बसवले होते. बाप दाबला तर तो आपणच चेपून घेतो.

म्हातारे मार्तोरेजो डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकाकडे आले होते. नजर स्वच्छ झाल्यापासून त्यांचं तोंड थांबत नव्हतं.

"इथे ऊस होता बघ. तिकडे पण ऊस. हा तुमचा टोलरस्ता आमच्या उसाच्या छाताडावर बांधलाय."

गर्दी एवढी, की पोलिसांनी दोन्ही बाजूंचा रस्ता पूर्वेकडे सोडला होता. सगळे पट्टे गावाकडे, शहराकडे एकही नाही. तरी गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. ब्रेबेसच्या अलीकडे सुंकोनोचं टाळकं सरकलं.

"बाबा, जरा गप्प बसाल का? ऊस, ऊस, ऊस! गाडी चालवू द्या मला."

मागून पुन्हा आवाज आला नाही.

पुढच्या थांब्यावर गाडी लावायला जागा नव्हती. कडेलाच लावून सगळे उतरले. पोरं आणि एंदाह संडासाच्या रांगेत गेली, म्हातारा नमाजाच्या खोलीकडे. एंदाह आणि पोरं गाडीत बसतात न बसतात तोच शिट्टीवाला रखवालदार बॉनेटवर थापा मारू लागला. "काढा गाडी! बिऱ्हाड थाटायचंय का इथे?"

सुंकोनोने गाडी काढली. मागे खोक्यांची भिंत होती, आणि भिंतीमागे शांतता. त्याला वाटलं, म्हातारा समजला एकदाचा. त्याला बरंसुद्धा वाटलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नंतर तो हेच विसरायला बघत होता.

सूर्य बुडाला. रेडिओवर अजान झाली, उपास सोडायची वेळ. एंदाहने खजुराचा डबा मागे दिला. "म्बाहना, आजोबांना, दे आधी. सकाळपासून उपाशी आहेत."

"म्बाह, घ्या," पोरीने खोक्यांवरून हात लांब केला. हात तसाच राहिला. मग ती गुडघ्यांवर उभी राहून वाकली. "पप्पा, म्बाह नाहीयेत इथे."

एंदाहने सासऱ्यांना फोन लावला. घंटी गाडीतच वाजली, पिशवीच्या तळाशी.

"आता?" सुंकोनोने विचारलं.

"आता काय! तुम्ही गप्प बसा म्हणालात, ते बसले."

पेमालांगच्या फाट्यावर तो टोलरस्त्यावरून बाहेर पडला आणि टोलनाक्यावरच्या पोलिसापुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, मला मागे जायचंय."

"मागे? आज मागे काही नसतं राव. सगळा देश पुढे चाललाय. काय राहिलं, बॅग?"

"वडील."

पोलिसाने खालपासून वरपर्यंत बघितलं. "बायको विसरलेले दोघं येऊन गेले सकाळपासून. बाप विसरलेले तुम्ही पहिलेच." मग त्याने वॉकीटॉकीवर थांब्याला विचारलं. पलीकडचा आवाज खरखरत सगळ्या नाक्याला ऐकू आला. "आहे एक आजोबा. जागचे हलत नाहीत. म्हणतात, मुलगा पेट्रोल भरायला गेलाय, येईल."

एंदाहने तोंड फिरवलं. थांब्यावरचा पंप तिने येता-जाता बघितला होता, नमाजाच्या खोलीला लागूनच. तिथे बसलेल्या प्रत्येकाला तो दिसत असणार.

शेवटी त्या थांब्यावरून निघालेल्या एका मिनीबसवाल्याने म्हाताऱ्याला गाडीत घेतलं. सुंकोनो नाक्यापाशी उभा राहिला. येणाऱ्या गाड्यांचे दिवे तोंडावर पडत होते. मान खाली घातली तरी पडत होते.

मिनीबस आली. बुटांच्या कारखान्यातल्या बायकांनी ती खच्चून भरली होती. मार्तोरेजो पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी ऐसपैस बसले होते, हातात चहाचा कप. आख्खी गाडी हसत होती.

"म्बाह, ऊस चोरला आणि मग? पकडलं की नाही मुकादमाने?"

"सांगतो, सांगतो. थांबा, हा माझा मुलगा," म्हातारा उतरता उतरता म्हणाला. "सुपरवायझर आहे. पेट्रोल भरायला गेला होता. पंपावर ही गर्दी!"

"हो ना, ईदची गर्दी," एक बाई पटकन म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कुणीही तसं दाखवत नव्हतं.

सुंकोनोला ते सोसवेना. ओझं उतरवायची घाई झाली होती त्याला. "नाही हो," तो मोठ्याने बोलला, "पेट्रोल-बिट्रोल काही नाही. मी विसरलो यांना. बापाला विसरून पुढे आलो मी. नालायक आहे मी."

बसमधल्या बायका आपापले डोक्यावरचे रुमाल नीट करू लागल्या. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि गाडी गिअरमध्ये टाकली. चोरलेल्या उसाचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलं नाही.

बस गेली. सुंकोनो बापाचे पाय धरायला वाकला. म्हातारा मागे सरला.

"तिथे बसल्या बसल्या शंभर माणसांना सांगितलं मी, की मुलगा येतोय," तो म्हणाला. "बसमधल्या त्या पोरींनीही ते खरं धरून ठेवलं होतं. तेवढंसुद्धा राहू दिलं नाहीस माझ्यापाशी. तू बोलून मोकळा झालास, सुंकोनो. मी मात्र सगळ्यांदेखत विसरलेला बाप झालो."

एंदाह पुढची सीट सोडून कधीच खाली उतरली होती. त्याच्यासाठी पुढचं दार उघडं धरून ती उभी होती. म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, चहाचा रिकामा कप तिच्या हातात दिला, आणि नाक्याच्या कट्ट्यावर जाऊन बसला.

"घ्या दमाने," तो म्हणाला. "मला अजून गाडीत चढावंसं वाटत नाही."