शेळीचं लांब शेपूट

जनावरांचे गमतीचे फोटो काढायचा मला नाद आहे. म्हशीच्या शिंगांवर सूर्य टेकवायचा, बैलाला बगळ्याची टोपी घालायची. त्या सकाळी संभाजीनगरहून मी फुलंब्रीजवळ गोजरमावशींच्या शेतात गेले. त्यांच्या शेळीवर कॅमेरा रोखला, तर शेळीला हातभर शेपूट दिसलं. मी हसले. मग ते शेपूट हललं. त्यावर ठिपके होते, आणि ते शेळीमागच्या उसातून बाहेर आलं होतं.

बिबट्या!

मावशी शेळीपाशीच वाकून गवत कापत होत्या. मी ओरडले असते तर त्या पळाल्या असत्या, आणि पळणाऱ्याच्या मागं बिबट्या हमखास लागतो.

"मावशी, तुमचा फोटो काढते. माझ्याकडं बघत हळूहळू या."

त्या चार पावलं आल्या, थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. "थांब अमृता, शेळीबिगर कसला फोटो?" म्हणत परत फिरल्या!

तोंडात आलेली शिवी मी गिळली. त्यांनी शेळीचं दावं सोडलं. मागं ऊस सळसळला.

"हसा मावशी, माझ्याकडंच बघा," म्हणत मी उलट्या पावलांनी त्यांना शेळीसकट पत्र्याच्या खोलीत आणलं आणि कडी घातली.

"फोटो काढलास का नाय?" मावशी भडकल्या. "उगंच हसवत आणलंस व्हय?"

मी खिडकीकडं बोट केलं. मघाशी त्या पदर सारखा करत जिथं उभ्या होत्या, नेमका तिथंच बिबट्या बसला होता, आमच्याकडं बघत.

मावशींनी शेळीचं तोंड हातानं दाबून धरलं.