सगळ्यांची एकच दुरुस्ती

दर रविवारी सकाळी मी सदाशिव पेठेतल्या एका क्लासच्या खोलीत कॉलेजच्या मुलांना ओपन सोर्स, म्हणजे कुणीही घ्यावं, बदलावं असं खुलं सॉफ्टवेअर, शिकवतो. फुकट. ‘तुला कुणी सांगितलंय?’ हे घरी ऐकून घेऊन मग निघतो.

गेल्या रविवारी आम्ही स्वयंसेवकांनी बनवलेलं, बसच्या वेळा दाखवणारं ॲप मुलांना दिलं. म्हटलं, प्रत्येकाने यातली एक चूक शोधायची, दुरुस्त करायची आणि मला पाठवायची. आज लॅपटॉप उघडला, तर अख्ख्या वर्गाने स्वारगेटच्या बसची तीच एक चूक दुरुस्त करून पाठवलेली. प्रत्येकाच्या कोडखाली लिहिलेलं, ‘दुरुस्ती : स्वराली’. योगेशच्यासुद्धा.

“योगेश, तू स्वराली कधीपासून झालास?”

“सर, तिने ग्रुपवर टाकलं होतं. कॉलेजच्या सबमिशनला आम्ही असंच करतो.”

“हे सबमिशन नाहीये,” माझा आवाज चढला. “निदान तिचं नाव तरी काढायचंस.”

योगेश गोंधळला.

“पण सर, पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत ना. दुसऱ्याचं काम बिनधास्त घ्या, फक्त मूळ नाव काढू नका.”