एक न्यायची की दोन?

ओळखलंत? मी जपानची मशीनगन बोलतेय! अहो, दचकता काय? आधी ऐका तरी.

होक्काइदोच्या शस्त्रागारात मी आणि माझी जुळी बहीण शेजारी शेजारी राहायचो. आमच्या घटनेत लिहिलंय, युद्ध करायचं नाही, सैन्य ठेवायचं नाही. म्हणून आमच्या सैन्याला म्हणायचं स्वसंरक्षण दल. तेल प्यायचं आणि पुठ्ठ्याच्या माणसांवर गोळ्या झाडायच्या, एवढंच आमचं आयुष्य.

१९९४ साली आफ्रिकेत निर्वासितांच्या मदतीला आमची तुकडी निघाली. रक्षणाला मशीनगन न्यायची. पण एक की दोन? टोकियोत नुसती हमरीतुमरी!

"दोन नेल्या तर लढायला निघाल्यासारखं दिसेल."

"आणि ती एकच अडकली, तर पोरांनी काय दगड मारायचे?"

शेवटी एकच न्यायचं ठरलं, आणि निवड झाली माझी! काय सांगू, आनंद पोटात मावेना.

तिथे आमची माणसं पाणी गाळून देत, आजाऱ्यांना औषधपाणी करत. मी गाडीच्या टपावर बसून ऐट मिरवायची. एका दुपारी वायरलेस खरखरला. ओरिए नावाची आमच्याकडचीच एक नर्स निर्वासितांत काम करायची. तिला वाटेत टोळक्याने घेरलं होतं.

सार्जंट नावाताने टपावर उडी मारली. "चला साहेब!"

कॅप्टन शिबुकावा जागचे हलेनात. "थांब रे! स्वतःचा नि सोबतच्या माणसाचा जीव वाचवायलाच गोळी झाडायची. लांबच्याला सोडवायला गेलो, तर ते युद्ध ठरेल."

"मग काय, तिचं प्रेत आणायला जायचं?"

साहेबांचा चेहरा उतरला. मग एकदम म्हणाले, "माणसांची ने-आण आपल्या कामात बसते ना? तिला सोडवायला नाही, आणायला जाऊ! गाडीत बसली की ती सोबतची."

"वकीलच व्हायचं होतं साहेब तुम्ही!"

सुसाट निघालो! पाहते तर काय, ओरिएभोवती कोयते घेतलेली गर्दी. नावाताचं बोट माझ्या चापावर होतं आणि मी तर पेटूनच उठले होते. साहेब रिकाम्या हातांनी उतरले आणि गाडीचं दार उघडलं.

"ओरिएबाई, न्यायला आलोय. या, बसा."

गर्दीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाट दिली. ती आली, बसली आणि हमसून हमसून रडली. मग म्हणाली, "मी बसायच्या आधीच कोयता पडला असता तर?"

छावणीत पोचल्यावर साहेबांनी तिचा प्रश्न जसाच्या तसा अहवालात लिहिला.

पुढे टोकियोतल्या शहाण्यांनी युद्धबंदीच्या त्याच कलमातून नवा अर्थ काढला. घटनेतलं अक्षरही बदललं नाही, पण आता लांबच्याला सोडवायलाही जाता येतं. ओरिएसाठी मला बरं वाटतं, खरंच वाटतं. पण आमच्या शस्त्रागारातून नव्या पोरी निघतात तेव्हा कुणी हुज्जत घालत नाही, याची भीतीही वाटते. घाला हो हुज्जत! बंदूक बाहेर काढण्याआधी घसा बसेपर्यंत भांडा.

उद्या मला भट्टीत टाकणार आहेत. रडू नका, मी खुशीत आहे! एकाही माणसाला न मारता म्हातारी झालेली मशीनगन पाहिलीय कधी? मग बघून घ्या मला डोळे भरून!