मी, चिमणीचा फोन

मी चिमणीचा फोन बोलतोय. कोणाचा निरोप नाही; आज माझंच सांगायचं आहे.

आधी मी तिच्या थोरल्या बहिणीचा होतो. ताई नर्स. तिला मी कामापुरता लागायचो. ड्युटी कधी, औषध आलं का, एवढं बोलून ती मला पिशवीत टाकायची. आई गेल्यापासून घरात दोघीच. चिमणी कॉलेजात जायला लागली, तेव्हा ताईनं स्वतःला साधा फोन घेतला आणि मला तिच्या हाती दिलं.

चिमणी हे ताईनं ठेवलेलं नाव, कारण हिचा आवाज एवढासा. वर्गात हजेरी दिली तरी सर पुन्हा विचारायचे. माझ्यात मात्र ती वेगळीच झाली. इंटरनेटवर खोटं नाव घेतलं, फोटोतलं नाक सरळ केलं आणि कॉलेजातल्या गमती अशा लिहायला लागली की वाचणारे पोट धरून हसायचे. जेवताना, चालताना, न्हाणीच्या दारापर्यंत मी तिच्या हातातच.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं आपल्या फोनवरून चिमणीनंच लिहिलेली गंमत वर्गात मोठ्यानं वाचली. सगळे खो-खो हसले.

"कोण असेल गं ही?" तिनं नेमकं चिमणीलाच विचारलं.

"मला नाही माहीत," चिमणी पुटपुटली. तिनं मला झटकन दप्तरात दडवलं.

माझ्यातल्या त्या मुलीपुढे तिला स्वतःचीच लाज वाटू लागली. तिनं कॉलेजात जाणंच सोडलं. अंथरुणात मी आणि ती.

शेवटी सरांनी ताईला कळवलं. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण ताई नुसती शेजारी येऊन बसली.

"काय लिहितेस एवढं? वाचून दाखव."

चिमणीनं अडखळत वाचलं. ताई हसता हसता डोळे पुसायला लागली.

"हे तुझं? मग चारचौघांत का बोलत नाहीस?"

"तिथं मी दिसते, ताई."

"मला तर रोज दिसतेस," ताई म्हणाली. " वाच पुढचं."

चिमणी आता कॉलेजला जाते. आवाज तेवढासाच आहे, खोटं नावही सुटलेलं नाही. पण त्या मागच्या बाकावरच्या मुलीला तिनं खरं सांगून टाकलं. तिचा विश्वास बसेना, तेव्हा तिथल्या तिथं नवी गंमत रचून ऐकवली.

माझी बॅटरी फुगलीय. नवी मिळत नाही म्हणून दुरुस्तीवाल्यानं नकारार्थी मान हलवली. जाताना एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी माझ्या भाऊबंदांत तोंड खुपसून बसलं असेल, तर हिसकावून घेऊ नका. जरा जवळ बसा. आत ते कोण होऊन बसलंय, तेवढं विचारा.