मोहावर टांगलेला फोन

"तीन वेळा लावला, मावशी. सव्वाअकराला, साडेअकराला आणि पावणेबाराला. तिन्ही वेळा बंद."

किडनीची यादी सांभाळणाऱ्या स्नेहल मॅडमनी हे इतक्या हळू सांगितलं, की कलाबाईला आधी त्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नाशिकच्या त्या हॉस्पिटलात मंजुषाचं नाव किडनीच्या यादीत लागून अकरा महिने झाले होते. पोर बावीस वर्षांची, आणि दोन्ही किडन्या बसलेल्या. सोमवारी आणि गुरुवारी पेठकडच्या डोंगरातून एसटीनं खाली यायचं, चार तास मशीनला लागायचं आणि पिळून काढलेल्या फडक्यासारखं होऊन परत जायचं. कलाबाईची किडनी चालली नाही, तिला साखर. भाऊ अश्विनचा रक्तगट जुळेना. बाप तर केव्हाच गेलेला. म्हणजे आता कुणीतरी अनोळखी माणूस जाणार, त्याच्या घरचे मन मोठं करणार, आणि यादीतल्या पहिल्या नावाला फोन येणार. तो उचलायचा आणि चार तासांत हजर व्हायचं. अकरा महिन्यांत कलाबाईकडं एवढं एकच काम होतं. आणि मंगळवारी ते चुकलं.

"दुसरा नंबर दिला होता ना! माझ्या पोराचा!"

"तोही लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही."

अश्विन अंबडच्या कारखान्यात. तिथं फोन गेटवरच जमा करून घेतात.

"अर्धा तास थांबलो, मावशी. त्याच्यापुढं थांबता येत नाही. पुढचं नाव घ्यावं लागतं."

"कुणाला दिली?"

"ते सांगता येत नाही."

सांगायची गरजही नव्हती. डायलिसिसच्या हॉलमध्ये खिडकीजवळचा राजूचा पलंग रिकामा होता. राजू म्हणजे येवल्याच्या सुमनबाईचा मुलगा. सुमनबाई पैठणीच्या मागावर बसायची, आणि सोमवारी-गुरुवारी माग सोडून पोराला घेऊन यायची. अकरा महिने ती आणि कलाबाई बाहेरच्या एकाच बाकावर बसल्या होत्या. हिची नागलीची भाकरी, तिचा ठेचा. पोरं आत मशीनला, आणि या दोघी बाहेर एकमेकींना धीर देत.

"राजू वर आहे. परवा ऑपरेशन झालं त्याचं," नर्स हसून म्हणाली.

कलाबाईला आनंद झाला नाही. खोटं कशाला सांगायचं? तिला त्या पलंगाकडं बघवेना. मंजुषा मशीनला लागली, तिनं डोळे मिटले, आणि आई तरातरा बाहेर पडली. रस्त्यावरून तिनं अश्विनला फोन केला. कालपासून त्याची दुसरी पाळी लागली होती, तो खोलीवर झोपला होता.

"ऊठ! ज्या दुकानातून हा डबा आणलास तिथं ये. आत्ताच्या आत्ता!"

डबा म्हणजे दिवाळीत त्यानं आणलेला नवा फोन.

आता त्या फोनाचं सांगायला हवं. कलाबाईच्या पाड्यात रेंज येत नाही. चारी बाजूंनी डोंगर, आणि टॉवर खोरं ओलांडून पलीकडं, सात-आठ किलोमीटरवर. रेंज मिळते ती फक्त वरच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाशी. म्हणून पाड्यातले सगळे फोन दिवसभर त्या झाडावर पिशव्यांमधून टांगलेले असतात. खाली पाळीनं एकेक जण बसतो. फोन वाजला की उचलायचा आणि फांदीला बांधलेला ट्रकचा जुना पाटा लोखंडी कांबीनं वाजवायचा. रावजीच्या घराला एक ठोका, सरिताच्या घराला दोन, कलाबाईला तीन. तीन ठोके ऐकले की ती असेल तिथून धावत वर जायची.

तेव्हा तिच्याकडं बटणांचा जुना फोन होता. एकदा चार्ज केला की चार दिवस निवांत. रेंजची काडी एकच दिसायची, पण ती हलायची नाही.

दिवाळीत अश्विन हा मोठ्या काचेचा फाइव्ह-जी घेऊन आला. आईचं सिम काढून त्यात घातलं. अख्खा पाडा बघायला जमला. कलाबाईची छाती फुगली. तिनं तो झाडाच्या सगळ्यात उंच फांदीला टांगायला लावला, आणि वर सगळ्यांना सांगितलं, "माझ्या पोरानं आणलाय. बघा रे, हॉटस्पॉट का काय ते चालू ठेवते, तुम्ही पण बघा." मग काय, पाळीला बसणारा खाली अडकत-अडकत का होईना कुस्त्या बघतोय, नाच बघतोय. दुपारपर्यंत फोन मरून पडायचा. कलाबाईनं अश्विनला विचारलं, तर तो म्हणाला, "आये, फाइव्ह-जी हाय, बॅटरी खाणारच!" आणि तिला ते पटलं. एवढा भारी फोन, खात असेल बाई.

पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या मागच्या बोळात ते दुकान. दुकानदार रंगनाथ साठीचा, डोळ्याला भिंग लावून काहीतरी डाग देत बसलेला. कलाबाईनं फोन त्याच्या काउंटरवर असा आपटला की शेजारचा चहावाला वाकून बघायला लागला.

"परत घे! असला माल विकतोस? माझ्या पोरीची किडनी गेली याच्यापायी!"

"आये, हळू," अश्विन धापा टाकत आला होता.

"तू गप! मुडद्या, तुझ्यामुळं झालंय!"

रंगनाथनं भिंग काढलं. सगळं ऐकून घेतलं. मग फोन उलटासुलटा करून आत काहीतरी बघितलं.

"फोन कुठं असतो दिवसभर?"

"झाडावर."

तो हसला नाही. "टॉवर किती लांब?"

"खोऱ्यापलीकडं."

"मावशी, फोन खराब नाही. खराब असता तर मी बदलून दिला असता." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "मी आधी रेडिओ दुरुस्त करायचो, म्हणून मला हे ठाऊक. तुमच्याकडं ढोल वाजला तर कुठवर ऐकू येतो?"

"पलीकडच्या डोंगरापर्यंत."

"आणि झांज?"

"पाड्याबाहेर नाय जात."

"तसंच आहे. तुमचा जुना फोन टू-जीवर चालायचा, नऊशे मेगाहर्ट्झ. ढोलासारख्या लहरी, लांब जाणाऱ्या. फाइव्ह-जी बहुतेक पस्तीसशेवर. त्या लहरी माहिती भरपूर वाहून नेतात, पण लांब जात नाहीत. झाडाच्या पानांनीसुद्धा अडतात. नाशकात चौकाचौकात टॉवर, इथं हा फोन राजा आहे. तुमच्या झाडावर तो दिवसभर फाइव्ह-जी शोधतो, मिळत नाही. फोर-जी धरतो, ते सुटतं. टू-जीवर येतो, पण थांबत नाही, पुन्हा वर शोधायला लागतो. आणि टॉवर लांब, म्हणून पूर्ण ताकदीनं ओरडावं लागतं. या ओरडण्यात बॅटरी जाते. त्यात तुम्ही हॉटस्पॉट चालू ठेवलेला. दुपारपर्यंत टिकला हेच नवल!"

"मग याला उपाय?"

"सेटिंगमध्ये जाऊन टू-जीवर बांधून ठेवायचा. दोन बोटांचं काम. नाहीतर सिम जुन्या फोनात घाला. ज्याला फक्त एका फोनाची वाट बघायची त्याला तोच बरा."

दोन बोटांचं काम! कलाबाई वळून अश्विनकडं बघायला लागली.

"तुला म्हायत होतं हे?"

"नाय गं आये. मला वाटलं, नवं हाय म्हणजे चांगलंच असणार. तुला रेंज चांगली मिळावी म्हणूनच..." तिशीचा बाप्या तो, भर बोळात रडायला लागला.

तिनं हात उगारला होता. तो तसाच खाली आला. कारण उंच फांदीला टांगायला अश्विननं सांगितलं नव्हतं. हॉटस्पॉट चालू ठेवा असं अश्विन म्हणाला नव्हता. तो मिरवायचा सोस तिचा होता. पोरगी मशीनला रक्त धूत पडते, आणि ही बया गावाला नाच दाखवत होती! तिला स्वतःचा इतका संताप आला की तिथंच कपाळ फोडून घ्यावंसं वाटलं. चहावाल्यानं पुढं केलेला चहासुद्धा तिनं ढकलून दिला.

संध्याकाळच्या एसटीनं मायलेकी परतल्या. मंजुषाला सगळं सांगावंच लागलं. पोर खिडकीबाहेर बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, "राजू बरा हाय ना पण?" कलाबाईला त्याचाही राग आला. थोडं ओरडावं, रडावं, आईला शिव्या द्याव्या, तेही या पोरीला जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकाडावर गेली. मंगळवारी पाळी रावजीची होती.

"फोन बंद पडला ते दिसलं होतं तुला?"

"दिसलं ना, वहिनी. अकराच्या सुमाराला गेला. कुस्ती ऐन रंगात होती."

"मग पाटा का नाय वाजवलास, मेल्या?"

"फोन वाजला असता तर वाजवला असता!" रावजीही चिडला. "फोन आल्यावर वाजवायचा, असंच ठरलंय. बंद फोनाचे किती ठोके? सांग की! कुणी ठरवलंय?"

खरंच ठरवलं नव्हतं. वाजणाऱ्या फोनाचा प्रत्येकाचा हिशोब होता, मेलेल्या फोनाचा नव्हता. दिवाळीआधी इतकी वर्षं तशी वेळच आली नव्हती, कारण जुने फोन मरतच नव्हते.

त्या दिवशी पाड्यात नवा नियम झाला. फोन बंद दिसला की पाटा वाजवत राहायचं, घरचं माणूस वर येईपर्यंत. कलाबाईनं कणगीत टाकलेला बटणांचा फोन काढला, नागलीचे दाणे झटकले, सिम त्यात घातलं. काचेचा फोन अश्विनला परत धाडला. आणि कुणी हॉटस्पॉटचं नाव काढलं की ती अशी बघायची की माणूस खाली मान घालून निघून जायचा. मंजुषाची पिशवी भरून दाराला टांगलेली असायची, त्यात कपडे, फाइल आणि आधार कार्ड.

तीन आठवडे गेले. सोमवार-गुरुवार कलाबाई नाशिकला जायची, पण वरच्या वॉर्डात सुमनबाईला भेटायला काही गेली नाही. रोज फोन टांगायचा, रोज उतरवायचा. काडी एकच, पण हलत नव्हती.

शनिवारी दुपारी कलाबाई राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, शेतात पालापाचोळा पसरत होती. आणि टेकाडावरून ठोका आला. एक. तिनं मान वर केली. दोन. हातातली पाटी पडली. तीन!

ती धावली. पायात चप्पल नाही, पदर कुठं आणि काय कुठं. चढणीवर छाती फुटायची वेळ आली तरी थांबली नाही. मागं वळून ओरडली, "मंजे, पिशवी घे!"

रावजी फोन पुढं धरून उभाच होता. "बाईमाणूस हाय. नाशिकहून."

"हॅलो! मॅडम! निघालो आम्ही, मॅडम!"

"अगं कला, मी सुमन बोलतेय!"

कलाबाई मोहाच्या बुंध्याला टेकली.

"राजूला आज घरी सोडलं बघ! मशीन सुटलं गं त्याचं. पाणी पितोय, घोट मोजून नाही, पोटभर पाणी पितोय! तुला पहिलं सांगायचं म्हणून बसस्टँडवरून लावला." सुमनबाई हसत होती, रडत होती. "आणि एक सांगू का? वॉर्डातली आया म्हणत होती, पहिलं नाव दुसऱ्याच कुणाचं होतं. त्याचा फोन म्हणे बंद होता. कोण होता देव जाणे, पण त्याच्या नावानं मी रोज दिवा लावते बघ."

कलाबाईच्या तोंडात शिव्या गोळा झाल्या. सुमनबाईला, अश्विनला, त्या कुस्तीला, त्या पस्तीसशे मेगाहर्ट्झला आणि सगळ्यात जास्त स्वतःला. आणि त्या शिव्यांच्या खाली कुठंतरी, पोटभर पाणी पिणारा राजूही होता. त्याला शिवी देता येईना. त्याचाच तिला जास्त राग आला.

"दिवा लावतेस ना?" ती दातओठ खात म्हणाली. "मग मंजीच्या नावानं लाव."

पलीकडून बसस्टँडवरचा गलका तेवढा ऐकू येत राहिला.

"कला... त्या मंगळवारी तुझा फोन..."

"पोराला सांभाळ. उन्हात फिरू देऊ नकोस. आणि ठेव आता! लाइन मोकळी पायजे मला!"

तिनंच फोन कापला. पदरानं पुसला, काडी बघितली, पिशवीत घालून खालच्या फांदीला नीट टांगला. "डोळा लागू देऊ नको," रावजीला बजावलं.

खाली मंजुषा पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती, वर बघत. कलाबाईनं टेकाडावरूनच हात हलवून तिला नाही म्हणून सांगितलं.